लांब नावांची माणसं

"हे मशीन कानडी माणसांच्या विरोधात आहे, मॅडम," रक्तपेढीतला टेक्निशियन मल्लिनाथ मला म्हणाला. "तुम्ही हसालाव, पण बघा की. गायकवाड आला, लेबल निघालं. शेख आला, निघालं. हिरेमठ आले की मरतंय."

हिरेमठ समोरच्या बाकावरच बसले होते. पांढरं धोतर, कपाळावर विभूती, हातात अर्धा खाल्लेला ग्लुकोज बिस्किटाचा पुडा. रक्त देऊन झालं होतं. दंडावरची पट्टी चाचपत ते आपल्या कार्डाची वाट बघत होते.

"नाव थोडं बारीक करतो ओ अण्णा," मल्लिनाथ त्यांना म्हणाला. "एस. सी. हिरेमठ घालतो. लगेच निघतंय."

"का म्हणून?" हिरेमठ म्हणाले. "शिवयोगीसिद्धेश्वर चन्नमल्लय्या हिरेमठ. वडिलांनी ठेवलंय. रक्त पूर्ण घेतलंत ना? मग नाव पण पूर्ण घाला."

सोलापुरातली ही रक्तपेढी एका ट्रस्टची होती. तिथला प्रोग्राम आमच्या कंपनीचा. रक्तदात्याचं नाव, तपासणीत निघालेला गट, तारीख अशी सगळी माहिती त्यात भरायची आणि पिशवीवर चिकटवायचं लेबल छापायचं. मी त्या कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर होते. इंजिनिअर म्हणायचं इतकंच, शिक्षण डिप्लोमाचं. कुठे काही बंद पडलं की बॅग उचलून जायचं. ट्रस्टला देणगीत नवे कंप्युटर मिळाले होते आणि ते आल्यापासून लेबल छापताना प्रोग्राम मध्येच बंद पडायला लागला होता. रोज नाही, प्रत्येकाला नाही. पण पडायचा तेव्हा पडायचाच.

मी मल्लिनाथला हिरेमठांचं पूर्ण नाव घालायला लावलं. त्याने गट भरला, ए पॉझिटिव्ह, आणि छपाईचं बटण दाबलं. पडद्यावरून प्रोग्राम नाहीसा झाला आणि एक चौकट आली. इंग्रजीत होती. तुमच्या संगणकाच्या सुरक्षेसाठी हा प्रोग्राम बंद करण्यात आला आहे, असा तिचा अर्थ.

"बघितलाव?" मल्लिनाथ म्हणाला.

ती चौकट मी तोपर्यंत फक्त वाचनात पाहिली होती. जुन्या मशीनमध्ये ती सोय नव्हती. कंप्युटरच्या मेमरीत दोन तऱ्हेच्या जागा असतात. एकीकडे हुकूम असतात, हे कर, ते छाप, तिकडे जा. दुसरीकडे माहिती असते, नावं, आकडे, तारखा. नव्या मशीनमध्ये पहारा बसवलेला होता: माहितीच्या जागेत ठेवलेलं काहीही हुकूम म्हणून पाळायचं नाही. एखादा प्रोग्राम तसं करू लागला, की पहारेकरी त्याला तिथेच आडवा करतो. म्हणजे आमचा प्रोग्राम हिरेमठांचं नाव वाचायच्या ऐवजी पाळायला निघाला होता.

का, ते मला कळत नव्हतं. मी सरांना फोन लावला.

धडफळे सर कंपनीचे मालक. प्रोग्रामही त्यांनीच लिहिलेला. नवी पेठेतल्या दोन खोल्यांत त्यांनी तो एकट्याने लिहिला होता, आणि ते मला मनापासून कौतुकाचं वाटायचं. मला नोकरी देताना त्यांनी मार्क विचारले नव्हते. एक बिघडलेलं मशीन समोर ठेवलं होतं आणि म्हणाले होते, लाव बघू.

"हां हां, तो मेमरीचा पहारा," ते फोनवर म्हणाले. माझं सांगून अजून पुरं झालं नव्हतं. "नव्या मशीनना ती खोड आहे. प्रोग्रामची कॉपी होऊ नये म्हणून घातलेलं आपलं जुनं लॉक त्याला आवडत नाही. काही नाही, सेटिंगमध्ये जा, बंद कर, रीस्टार्ट मार, ये निघून."

"सर, पण फक्त लांब नावांनाच होतंय."

"अंबुजा, आपण ते सगळीकडे बंदच करतोय. बार्शी, लातूर, विजापूर. मी फोनवरच करायला लावलं. कुणाची तक्रार नाही. तू संशोधन करू नकोस, दुपारी तुला अक्कलकोट रोडला जायचंय."

मी पहारा बंद केला. मशीन रीस्टार्ट झालं. मल्लिनाथकडे सकाळची चार-पाच लेबलं खोळंबली होती, ती त्याने आधी छापून घेतली. मग हिरेमठांचं पूर्ण नाव. बटण दाबलं. प्रिंटर कुरकुरला आणि लेबल बाहेर आलं, पाठोपाठ कार्डही.

"झालं की ओ!" मल्लिनाथने टाळी वाजवली. "एवढ्यासाठी आठवडाभर छळलं मला."

हिरेमठांनी चष्मा लावला, कार्ड डोळ्यांजवळ नेलं आणि एकेक अक्षर बोटाने वाचलं. "बरोबर आहे," ते समाधानाने म्हणाले. "चन्नमल्लय्याला दोन य. एक अक्षर सुटलं नाही."

मी वाकून बघितलं. नाव बरोबर होतं. तारीख बरोबर होती. गटाच्या चौकोनात मोठ्या ठळक अक्षरात बी छापलं होतं.

पडद्यावर ए होतं.

"मल्लिनाथ, याच्या आधीचं लेबल कुणाचं होतं?"

"माने म्हणून पोलीस आहेत. का?"

"त्यांचा गट?"

त्याने ताटलीत ठेवलेलं लेबल उचललं. "बी."

मी परत छापायला लावलं. आधी ओ गटाचं एक लेबल, त्यामागे हिरेमठ. हिरेमठांच्या लेबलावर ओ आलं. मग एबीचं एक आणि परत हिरेमठ. हिरेमठ एबी झाले. मल्लिनाथचा हात बटणावरून आपोआप खाली आला.

"माझा ए आहे," हिरेमठ म्हणाले. "आजच देत नाही मी. कित्येक वर्षं देतोय."

तोवर माझ्या लक्षात आलं होतं. प्रोग्रामने नावासाठी ठरावीक जागा राखली होती. नाव त्याहून लांब असलं, की उरलेली अक्षरं शेजारच्या जागेत सांडत. तिथे लिहिलेलं होतं, गट कुठून आणायचा त्याचा पत्ता. पत्ता पुसला जाई. प्रोग्राम गट आणायला निघे, भलतीकडे नावाच्याच अक्षरांत शिरे, आणि रिकाम्या हाताने परत येई. लेबलावर आधीच्या माणसाचा गट तसाच राही. पहारा चालू असला तर प्रोग्राम वाटेतच अडवला जाई. बंद असला तर लेबल छान, स्वच्छ छापलं जाई.

आणि जुन्या मशीनमध्ये पहारा कधी नव्हताच.

"मुजावर मॅडमना बोलव," मी मल्लिनाथला म्हणाले.

डॉ. तहसीन मुजावर रक्तपेढीच्या प्रमुख. पन्नाशीच्या, ठेंगण्या, कायम घाईत. मी त्यांना तीन लेबलं दाखवली. एकच माणूस आणि तीन गट. कंप्युटरमधलं कसं, काय, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "हे नव्या मशीनवर होतं की जुन्यावरही?"

"जुन्यावर होतच असणार, मॅडम. बंद पडत नव्हतं म्हणून कळलं नाही."

"असणार म्हणजे?"

"बघायला लागेल."

"चल मग," त्या म्हणाल्या आणि शीतगृहाच्या दाराकडे चालू लागल्या.

जुन्या मशीनवर छापलेल्या पिशव्या अजून आत होत्या. मल्लिनाथ थंडीत उभा राहून लेबलं वाचत होता आणि नाव लांब दिसलं की पिशवी बाहेर देत होता. आमच्या सोलापुरात लांब नावांना तोटा नाही. कानडी लिंगायत, तेलुगू पद्मशाली. नावात देव दोन, बापाच्या नावात आणखी एक. मी स्वतः येमूल. आमच्यातही असली नावं घरोघर. टेबलावर पिशव्यांची रांग लागली.

मॅडमनी पांढरी टाइल पुढे घेतली. पिशवीच्या नळीचा छोटा तुकडा कापून त्यातलं रक्त दोन ठिकाणी टेकवलं. एकात निळ्या बाटलीतला थेंब, दुसऱ्यात पिवळ्या. काडीने ढवळून त्यांनी टाइल हळूहळू हलवली. निळ्यात गुठळ्या झाल्या तर ए, पिवळ्यात झाल्या तर बी, दोन्हींत झाल्या तर एबी, कशातच नाही तर ओ. हे मला त्यांनीच मागे एकदा सांगितलं होतं.

पहिली पिशवी बरोबर निघाली. दुसरीही. मल्लिनाथने श्वास सोडला. "आधीचा माणूस त्याच गटाचा असला तर बरोबरच येणार," मी म्हणाले, तसा त्याने माझ्याकडे रागाने बघितलं.

मग लक्ष्मीनारायण वेंकटनरसय्या बत्तुल. लेबलावर ओ पॉझिटिव्ह.

मॅडम टाइल हलवत होत्या. निळ्या थेंबात रक्त बारीक वाळूसारखं जमायला लागलं. आधी कडेला, मग सगळीकडे. पिवळं तसंच गुळगुळीत. त्यांनी टाइल खिडकीपाशी नेली, उजेडात तिरकी धरली, परत आणली. दुसरा तुकडा कापून पुन्हा केलं. पुन्हा तेच.

"ए," त्या म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या. "ओ गटाच्या पेशंटला हे चढवलं असतं ना, अंबुजा, तर पहिल्या घोटालाच..."

"पण आपण क्रॉसमॅच करतोच की, मॅडम," मल्लिनाथ म्हणाला. त्याचा आवाज खाली गेला होता. "पेशंटच्या रक्ताशी जुळवल्याशिवाय पिशवी जात नाही."

"मागच्या महिन्यात दोन जुळल्या नव्हत्या. आठवतंय? आपण म्हणालो, तपासायचं सिरम खराब असेल. दुसऱ्या पिशव्या काढून दिल्या." मॅडमनी हातमोजे उतरवले. "आणि तो अपघात? बाळंतपणातली ती कुर्डुवाडीची बाई? तेव्हा क्रॉसमॅचला वेळ होता? लेबल बघून सही केली मी. नशीब त्या बाईचं."

त्या उठल्या आणि शीतगृहाला कुलूप लावलं. "सगळ्या पिशव्या हाताने तपासल्याशिवाय एकही बाहेर जाणार नाही. मल्लिनाथ, ट्रस्टच्या अध्यक्षांचा फोन आला तर मला दे. आणि तू," माझ्याकडे वळून, "तुझ्या सरांना बोलाव. फोनवर नको. इथे."

सर आले. नवी पेठेपासून अंतर ते किती. आल्या आल्या त्यांनी टाइल बघितली, लेबलं बघितली, मशीनवर स्वतः बसून दोनदा छापून बघितलं. त्यांना समजायला माझ्यासारखा वेळ लागला नाही. चेहरा पार उतरला. क्षणभर मला वाटलं, आता हे म्हणतील, चल, बाकीच्या रक्तपेढ्यांना फोन करू.

"मॅडम," ते म्हणाले, "चूक आहे. मी नाकारत नाही. मला चार दिवस द्या. सोमवारपर्यंत दुरुस्त प्रोग्राम देतो, स्वतः येऊन बसवतो. तुमच्या पिशव्या तुम्ही तपासताच आहात. एवढीच विनंती, हे बाहेर बोलू नका."

"माझ्या पिशव्यांचं मी बघते," मॅडम म्हणाल्या. "बाकीच्यांचं काय?"

"त्यांनाही सोमवारी प्रोग्राम मिळेल."

"आणि तोवर, सर?" मी विचारलं.

"तोवर क्रॉसमॅच आहे ना. सगळीकडे करतात."

"आत्ताच मॅडमनी सांगितलं, नेहमी वेळ नसतो."

"अंबुजा, तू बाहेर ये जरा."

"इथेच बोला, सर."

मी त्यांना तसं कधी बोलले नव्हते. मग ते इथेच बोलले, पण हळू, समजुतीच्या सुरात. "हे बघ. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या रक्तपेढ्यांचं काम येतंय आपल्याकडे. पुढच्या आठवड्यात शेवटची बैठक आहे. आज हे फुटलं तर कंपनी बसली. मी बसलो, तू बसलीस, ऑफिसातली सगळी पोरं बसली. चार दिवसांत दुरुस्त होणारी गोष्ट आहे. चार दिवस गप्प राहायचं, एवढंच. मी काय लपवून ठेव म्हणतोय का जन्मभर?"

"नुसता फोन करायचाय सर. लांब नावांच्या पिशव्या बाजूला काढा, हाताने तपासा. आणि तो पहारा परत चालू करा. बंद पडला प्रोग्राम तर पडू दे. चुकीचं लेबल तरी निघणार नाही."

"फोन केला की विचारणार, का? मग काय सांगणार?"

"जे आहे ते."

"आपण स्वतःच पहारा बंद करायला लावला, हे?"

"ते पण."

त्यांच्या कपाळाची शीर उठली. "तुला उभं कुणी केलं? लोकांनी दारातून परत पाठवलं होतं तुला. डिप्लोमा, त्यात दोन वर्षं वाया गेलेली. मी विचारलं तरी का कधी?"

"नाही विचारलंत."

"मग?"

"त्याबद्दल मी तुमचं काम केलं, सर. चांगलं केलं. पण यात ते बसत नाही."

"कुठल्या रक्तपेढीत आपला प्रोग्राम आहे ही कंपनीची माहिती आहे. तू कुणाला फोन केलास तर तो नोकरीवर असताना केलेला गुन्हा ठरेल, समजलं? आत्ता माझ्याबरोबर निघ. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

मी खूप विचार केला असं सांगितलं तर बरं दिसेल, पण तसं झालं नाही. टेबलावर टाइल अजून तशीच होती. निळ्यातलं रक्त वाळून कडेला चिकटलं होतं. मला आतून कसला तरी प्रचंड संताप आला आणि त्याच्याबरोबर हलकंही वाटलं.

"मग नोकरीवर असतानाचा प्रश्नच नको," मी म्हणाले. "आजपासूनच नाही येत." गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र काढून मी त्यांच्यासमोर ठेवलं, बॅगेतून कंपनीचा मोबाइल काढला, तोही ठेवला. "मॅडम, तुमचा फोन वापरू का? बाहेरगावचे आहेत."

डॉ. मुजावरनी फोन माझ्याकडे सरकवला.

"पस्तावशील," सर म्हणाले.

"पस्तावेन तेव्हा पस्तावेन. बार्शीचा कोड काय, मल्लिनाथ?"

ते दार लोटून बाहेर गेले. हिरेमठ अजून बाकावरच होते. त्यांना कुणी जा म्हणालं नव्हतं आणि त्यांना दुरुस्त कार्ड हवं होतं. त्यांनी पाय जवळ घेऊन सरांना वाट दिली.

बार्शीच्या डॉक्टरांनी शांतपणे ऐकलं. दोनदा विचारून घेतलं, किती लांब नावं, कुठल्या तारखेपासूनची. "बघतो लगेच," म्हणाले आणि माझं नाव विचारून फोन ठेवला.

विजापूरला फोन उचलणाऱ्या बाईंना मराठी येत नव्हतं आणि माझं कानडी बाजारापुरतं. मल्लिनाथने माझ्या हातातून फोन घेतला आणि उभं राहून, एक हात हलवत, मोठमोठ्याने कानडीत सांगायला लागला. मध्येच थांबून मला विचारायचा, "पहारा परत चालू करायला कुठं जायचं? पहिल्यापासून सांगा." मी सांगायचे, तो तिकडे सांगायचा. नंतर म्हणाला, "त्या रडायला लागल्या होत्या ओ. दुपारी शिबिराच्या पिशव्या वाटायच्या होत्या त्यांना."

मग लातूर. तिथले प्रमुख डॉ. कुलथे. मी नाव सांगताच ते म्हणाले, "तुमच्याच सरांचा आत्ता फोन होता."

मला बरं वाटलं. म्हणजे दारातून बाहेर पडल्यावर त्यांनी फोन केला तर. "हो का? मग काढल्यात का पिशव्या बाजूला?"

"कसल्या पिशव्या? ते म्हणाले, आज कामावरून काढून टाकलेली एक मुलगी आहे. सूड म्हणून सगळीकडे फोन करून घबराट पसरवतेय. लक्ष देऊ नका."

खिडकीतून बाहेर सरांची गाडी दिसत होती. ते तिच्यात बसून अजून कानाला मोबाइल लावूनच होते.

"खरं आहे," मी म्हणाले.

"काय खरं आहे?"

"आज काढून टाकलंय मला. थोड्या वेळापूर्वीच. तुम्ही असं करा डॉक्टर, मी सूडच घेतेय असं समजा. पण तुमच्याकडच्या लांब नावांच्या दोन-तीन पिशव्या काढा आणि टाइलवर तपासा. सगळ्या बरोबर निघाल्या तर पोलिसात द्या मला. नाव लिहून घ्या. अंबुजा व्यंकटेश येमूल. अशोक चौकाजवळ राहते."

"हे बघा बाई, मला असले फोन—"

"तपासायला किती वेळ लागतो ते मी आज बघितलंय. फोन ठेवू नका. मी इथेच थांबते."

"तुमच्या सरांना मला पुन्हा फोन करायला सांगा."

"ते करणार नाहीत. डॉक्टर, कुणीतरी एक खोटं बोलतंय. ते मी किंवा सर. टाइलला कुणाचीच नोकरी नाही. तिलाच विचारा."

तिकडे रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा खट्ट आवाज आला. फोन कट झाला नव्हता.

मी थांबले. मॅडम माझ्यासमोर पिशव्या तपासत होत्या, पण त्यांचे कान इकडे होते. लातूरच्या त्या खोलीतले आवाज मला लांबून ऐकू येत होते. कुणाला तरी मारलेली हाक. दार. खुर्ची ओढली गेली. एक बाई काहीतरी वाचून दाखवत होती, मोठमोठी नावं, अडखळत. मग बराच वेळ काहीच नाही. मल्लिनाथने माझ्यापुढे चहा ठेवला तो मी उचलला नाही, न जाणो कप वाजला आणि तिकडचं ऐकायचं राहिलं.

रिसीव्हर उचलला गेला.

"आहात का?"

"आहे."

"बी लिहिलंय." कुलथे हळू बोलत होते. मघाचे ते हेच का, असा आवाज. "ए निघालं. मी दोनदा केलं. दुसरीवर एबी आहे, ती ओ आहे." कागद उलटल्याचा आवाज आला. "पहिली पिशवी आत्ता दवाखान्यात जायची होती. डब्यात भरून ठेवली होती. पोरगी आहे, थॅलेसेमियाची. दर महिन्याला येते म्हणून क्रॉसमॅचला न थांबता लगेच देतो आम्ही."

मी मॅडमना खुणेने सांगितलं, सापडल्या.

"बाई, अजून काय काय करायचं ते सांगा. मी लिहून घेतो," ते म्हणाले. मी सांगायला सुरुवात केली.

सरांची कंपनी बसली नाही. पुढच्या आठवड्यात दुरुस्त प्रोग्राम सगळीकडे गेला, आणि चांगला गेला. त्यांना काम येत होतंच. जिल्ह्यांचं ते मोठं कंत्राट मात्र लांबलं. बैठकीत कुणीतरी विचारलं, म्हणे, की लातूरच्या प्रकरणात फोन कुणी केले.

मी घरी बसले होते. आईने पहिल्या दिवशी विचारलं, मी सांगितलं, त्यावर ती म्हणाली, "बरं केलंस. आता दुसरी बघ." दुसरी मिळत नव्हती. शहरात या धंद्यातले सगळे एकमेकांना ओळखत. मालकाच्या विरोधात बाहेर फोन करणारी मुलगी कुणाला हवी?

महिनाभराने सर घरी आले. गल्लीत गाडी शिरत नव्हती म्हणून चौकात लावून चालत आले. आईने खुर्ची दिली, चहा ठेवला. ते जरा वाळल्यासारखे दिसत होते.

"परत ये," ते म्हणाले. "पगार वाढवतो. प्रोग्रामच्या बाजूला घेतो तुला, सर्व्हिसला नाही. तू शोधलंस ते माझ्याही नजरेतून सुटलं होतं, मी मान्य करतो."

खोटं कशाला सांगू, माझं मन हललं.

"एकच गोष्ट," ते पुढे म्हणाले. "कंत्राटाची कमिटी तुला बोलावेल बहुतेक. त्यांना एवढंच सांगायचं, की ते फोन तू माझ्या सांगण्यावरून केलेस. चूक सापडली आणि कंपनीने त्याच दिवशी सगळ्यांना कळवलं. झालं ते चांगलंच झालं ना? मग कुणी सांगितलं याने काय फरक पडतो? त्यात कुणाचं नुकसान आहे?"

स्वयंपाकघरात आईच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं.

"डॉ. कुलथ्यांना तुम्ही काय सांगितलं होतंत, सर?"

"ते रागाच्या भरात. तू काय उगाळत बसलीस ते?"

"त्या पोरीला पिशवी लागली असती."

"नाही ना लागली!"

"तुमच्यामुळे नाही."

ते खुर्चीत पुढे सरकले. "अंबुजा, नोकरी नाहीये तुला. मला माहीत आहे कुठे कुठे जाऊन आलीस ते. सरळ हो म्हण. एका वाक्याचा प्रश्न आहे."

"ते वाक्य खरं नाही, सर," मी म्हणाले. "तुम्ही सांगितलं नव्हतंत."

आईने चहा आणून त्यांच्या हातात दिला. तो त्यांनी सगळा प्यायला, कारण अर्धा टाकून उठणं त्यांच्या रीतीत नव्हतं. मग कप खाली ठेवून उठले, चपला घातल्या, आणि मी त्यांना गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवून आले.

कमिटीने मला बोलावलं. विचारलं. मी सांगितलं, जे आहे ते.